साउथ शोर लाइन

साउथ शोर लाइन हा अमेरिकेतील एक विद्युत उपनगरी रेल्वेमार्ग आहे. तो इलिनॉय राज्यातील शिकागो शहराच्या मध्यभागी असलेल्या मिलेनियम स्थानकापासून निघतो आणि मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाला वळसा घालून इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील विमानतळापर्यंत जातो. मार्गाची लांबी सुमारे १४५ किमी आहे. १९०८ साली सुरू झालेला हा मार्ग अमेरिकेतील ‘इंटरअर्बन’ म्हणजेच आंतरनगरी विद्युत रेल्वेंपैकी अखेरचा मानला जातो. प्रवासी वाहतूक नॉर्दर्न इंडियाना कम्यूटर ट्रान्सपोर्टेशन डिस्ट्रिक्ट (संक्षेपाने निक्टडी) ही सार्वजनिक संस्था चालवते. याच रुळांवरील मालवाहतूक शिकागो साउथ शोर अँड साउथ बेंड रेलरोड या खासगी कंपनीकडे आहे.

मार्ग

मार्गाचे नाव सरोवराच्या दक्षिण किनाऱ्यावरून पडले असले, तरी रूळ सर्वत्र पाण्याला लागून नाहीत. पाण्याच्या सर्वांत जवळचा भाग शिकागो शहरात आहे. तेथे मिलेनियम स्थानक ते केन्सिंग्टन हे सुमारे २३ किमी अंतर गाड्या मेट्रा या संस्थेच्या विद्युत मार्गावरून कापतात. हा मार्ग मूळचा इलिनॉय सेंट्रल रेलरोडचा आहे. १८५०च्या दशकात त्या कंपनीने शहराच्या मध्यभागासमोर सरोवराच्या पाण्यातच लाकडी खांबांवर रूळ टाकले होते. पुढे भराव घालून किनारा पूर्वेकडे सरकवण्यात आला आणि एके काळी पाण्यात असलेले रूळ ग्रँट पार्क या उद्यानाच्या मधोमध आले.

केन्सिंग्टननंतर गाड्या स्वतःच्या रुळांवर येतात. शिकागोच्या हद्दीतील हेगविश हे स्थानक सोडल्यावर त्या इंडियानात प्रवेश करतात आणि हॅमंड, ईस्ट शिकागो व गॅरी या औद्योगिक शहरांतून जातात. गॅरीच्या पूर्वेला सरोवर आणि रूळ यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्या, दलदल व वनराई यांचा पट्टा आहे. पुढे मिशिगन सिटी हे मार्गावरील महत्त्वाचे शहर असून गाड्यांच्या देखभालीची कार्यशाळा तेथे आहे. तेथून साउथ बेंडपर्यंतचा भाग ग्रामीण आहे व त्यात हडसन लेक हा एकच मधला थांबा उरला आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत इंटरअर्बन रेल्वेंचे मोठे जाळे विणले गेले. शहरातील ट्राम आणि लांब पल्ल्याची वाफेवरील रेल्वे यांच्या मधला हा प्रकार होता. विजेवर चालणारे डबे शहरात रस्त्याच्या मधोमध टाकलेल्या रुळांवरून ट्रामसारखे, तर शहराबाहेर स्वतंत्र मार्गावरून वेगाने धावत. त्यांच्या फेऱ्या वारंवार असत आणि ते खेड्यापाड्यांतही थांबत. १९१०च्या दशकात अशा मार्गांची देशभरातील एकूण लांबी १५ हजार मैलांहून अधिक झाली होती. मोटारगाड्या व पक्के रस्ते वाढल्यावर मात्र ही व्यवस्था झपाट्याने कोसळली. बहुतेक कंपन्या १९२० ते १९४० या काळात बंद पडल्या. या ऱ्हासात साउथ शोर लाइन का तगली, हा तिच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. स्वतंत्र मार्गावरील मालवाहतूक, शिकागोच्या मध्यभागापर्यंतचा थेट प्रवेश आणि ऐन वेळी मिळालेला सार्वजनिक आधार ही त्याची मुख्य कारणे आहेत.

स्थापना

कंपनीची स्थापना १९०१ मध्ये शिकागो अँड इंडियाना एअर लाइन रेल्वे या नावाने झाली. १९०४ मध्ये तिचे नाव शिकागो, लेक शोर अँड साउथ बेंड रेल्वे असे झाले. १९०८ मध्ये साउथ बेंड व मिशिगन सिटी यांच्यात गाड्या सुरू झाल्या आणि त्याच वर्षी त्या हॅमंडपर्यंत पोहोचल्या. विद्युतीकरणासाठी ६,६०० व्होल्ट दाबाचा एसी प्रवाह वापरण्यात आला. त्या काळातील बहुतेक इंटरअर्बन कमी दाबाच्या डीसी प्रवाहावर चालत.

उद्योगांच्या दृष्टीने मार्गाची वेळ अनुकूल होती. युनायटेड स्टेट्स स्टील या कंपनीने १९०६ मध्ये गॅरी शहर वसवून सरोवराकाठी प्रचंड पोलाद कारखाना उभारायला घेतला होता. तरीही आरंभीची वर्षे तोट्याची गेली. शिकागोच्या मध्यभागापर्यंत स्वतःच्या विजेवर जाता येत नव्हते. इलिनॉय सेंट्रलच्या मार्गावर तेव्हा वाफेची इंजिने चालत, त्यामुळे प्रवाशांना केन्सिंग्टन येथे गाडी बदलावी लागे. १९१२ पासून काही डबे वाफेच्या इंजिनाला जोडून पुढे नेले जाऊ लागले, पण अडचण पूर्णपणे सुटली नाही.

इन्सल यांचा काळ

१९२५ मध्ये दिवाळखोर झालेली ही कंपनी सॅम्युएल इन्सल यांनी विकत घेतली. इन्सल हे मूळचे इंग्लंडचे. काही काळ थॉमस एडिसन यांचे सचिव राहिल्यानंतर ते शिकागोतील वीज व्यवसायाचे प्रमुख झाले. वीजकेंद्राला दिवसभर स्थिर मागणी हवी असते व विद्युत रेल्वे हा तसा मोठा ग्राहक होता. त्यामुळे शिकागोला मिलवॉकीशी जोडणारी नॉर्थ शोर लाइन आणि पश्चिमेकडे जाणारी शिकागो, ऑरोरा अँड एल्जिन या कंपन्याही त्यांच्या समूहात होत्या.

नव्या मालकीत कंपनीचे नाव शिकागो साउथ शोर अँड साउथ बेंड रेलरोड झाले. रूळ, पूल व सिग्नल सुधारण्यात आले आणि पोलादी डबे घेण्यात आले. सर्वांत निर्णायक बदल १९२६ मध्ये झाला. इलिनॉय सेंट्रलने आपला उपनगरी मार्ग १,५०० व्होल्ट डीसी प्रवाहावर आणला आणि साउथ शोरनेही एसी सोडून तोच प्रवाह स्वीकारला. त्यामुळे साउथ बेंडहून निघालेली गाडी थेट शिकागोच्या रँडॉल्फ स्ट्रीट स्थानकात, म्हणजे आजच्या मिलेनियम स्थानकात, येऊ लागली. मुंबईत १९२५ मध्ये सुरू झालेली विद्युत लोकलसेवाही १,५०० व्होल्ट डीसी प्रवाहावरच होती. मुंबईने पुढे २५,००० व्होल्ट एसी प्रवाह स्वीकारला. साउथ शोर लाइन मात्र आजही १,५०० व्होल्टवरच चालते.

या काळात कंपनीने चित्रकारांकडून रंगीत भित्तिपत्रके करवून घेतली. वाळूच्या टेकड्या, सरोवरातील स्नान, शरद ऋतूतील वने आणि पोलादाच्या भट्ट्या हे त्यांचे विषय होते. लेस्ली रेगन हे त्या चित्रकारांपैकी एक होत. बेव्हर्ली शोअर्स येथील स्पॅनिश धाटणीचे छोटे स्थानक याच काळातील असून ते ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंदवलेले आहे.

१९२९ नंतरच्या महामंदीत इन्सल यांचा उद्योगसमूह कोसळला. साउथ शोर कंपनी १९३३ मध्ये पुन्हा दिवाळखोरीत गेली व १९३८ मध्ये पुनर्रचना होऊन बाहेर पडली.

मालवाहतुकीचा आधार

बऱ्याच इंटरअर्बन मार्गांवर तीव्र वळणे आणि रस्त्यांतील रूळ यांमुळे मोठ्या मालगाड्या चालवणे अवघड होते. साउथ शोरचा शहरांबाहेरील मार्ग मुख्य रेल्वेच्या दर्जाचा होता आणि इतर रेल्वे कंपन्यांशी वाघिणींची देवाणघेवाण शक्य होती. पोलाद कारखाने व वीजकेंद्रे यांच्यासाठी लागणारा कोळसा हे तिच्या उत्पन्नाचे मुख्य साधन बनले. १९४९ मध्ये कंपनीने तीन अवजड विद्युत इंजिने घेतली. ती जनरल इलेक्ट्रिक कंपनीने मुळात सोव्हिएत संघासाठी बनवली होती. शीतयुद्धामुळे निर्यात रोखली गेल्यावर ती अमेरिकेत व ब्राझीलमध्ये विकली गेली. स्टालिन यांच्या नावावरून त्यांना ‘लिटल जो’ असे टोपणनाव मिळाले.

इन्सल समूहातील इतर दोन मार्गांना असा आधार नव्हता. शिकागो, ऑरोरा अँड एल्जिनची प्रवासी सेवा १९५७ मध्ये आणि नॉर्थ शोर लाइन १९६३ मध्ये बंद पडली.

प्रवासी सेवेवरील संकट

ज्या मालवाहतुकीने कंपनी तारली, तिच्याच हिशेबाने पुढे प्रवासी सेवा धोक्यात आणली. १९६७ मध्ये चेसापीक अँड ओहायो रेल्वेने कंपनीचा ताबा घेतला. तिला कोळशाच्या वाहतुकीत रस होता. प्रवासी गाड्या मात्र तोट्यात होत्या आणि १९२०च्या दशकातील डबेच अजून वापरात होते. १९७० मध्ये साउथ बेंडच्या मध्यभागापर्यंत जाणारे रस्त्यातील रूळ सोडून देण्यात आले व अखेरचे स्थानक शहराच्या पश्चिम कडेला नेण्यात आले. १९७६ मध्ये कंपनीने संपूर्ण प्रवासी सेवा बंद करण्याची परवानगी केंद्रीय आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे मागितली. आयोगाने ती लगेच न देता पर्याय शोधण्यास अवधी दिला.

या अवधीत १९७७ मध्ये इंडियाना राज्याने लेक, पोर्टर, ला पोर्ट आणि सेंट जोसेफ या चार काउंटींसाठी निक्टडी ही संस्था स्थापन केली. सार्वजनिक निधीतून जपानच्या निप्पॉन शार्यो कंपनीचे नवे डबे मागवण्यात आले. ते १९८२-८३ मध्ये दाखल झाले आणि अर्धशतकाहून अधिक काळ धावलेले जुने डबे निवृत्त झाले. १९८४ मध्ये रेल्वे व्हेनँगो रिव्हर कॉर्पोरेशनला विकली गेली, पण १९८९ मध्ये तीही दिवाळखोरीत निघाली. त्यानंतर प्रवासी सेवा व रूळ यांची मालकी निक्टडीकडे आली आणि मालवाहतूक वेगळी होऊन खासगी मालकीत राहिली. १९९२ मध्ये मार्गाचे पूर्वेकडील टोक साउथ बेंड विमानतळावर नेण्यात आले.

रस्त्यावरील रूळ व दुहेरीकरण

ईस्ट शिकागोमधील रस्त्यावरचे रूळ १९५६ मध्ये नव्या महामार्गालगतच्या स्वतंत्र मार्गावर हलवण्यात आले. १९७० नंतर असा भाग केवळ मिशिगन सिटीत उरला. तेथे उपनगरी गाड्या घरांच्या व मोटारींच्या शेजारून, रस्त्याच्या मधून हळूहळू जात. रेल्वेप्रेमींना या दृश्याचे आकर्षण असले, तरी त्यामुळे गाड्यांचा वेग घटत असे व अपघाताचा धोका राही. शिवाय गॅरीच्या पूर्वेला बहुतांश मार्ग एकेरी होता. समोरून येणारी गाडी जाईपर्यंत दुसरीला थांबावे लागे आणि एका गाडीचा उशीर इतर गाड्यांपर्यंत पोहोचे.

यावर उपाय म्हणून गॅरी ते मिशिगन सिटी या टप्प्याचे दुहेरीकरण हाती घेण्यात आले. मिशिगन सिटीतील रस्त्यावरचा मार्ग फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद करण्यात आला व रूळ वाहनांच्या रस्त्यापासून वेगळे करण्यात आले. त्यासाठी रुळांलगतच्या अनेक मिळकती संपादित कराव्या लागल्या. मे २०२४ मध्ये दुहेरी मार्ग वापरात आला. गाड्यांची संख्या वाढली, प्रवासाचा वेळ कमी झाला आणि इंटरअर्बन काळाची सर्वांत ठळक खूण मात्र पुसली गेली.

कार्यपद्धती

गाड्यांना डोक्यावरील तारेतून वीज मिळते. इंजिन वेगळे नसते. मोटारी डब्यांतच बसवलेल्या असतात. २००९ पासून दुमजली डबेही ताफ्यात आहेत. काही फलाट डब्याच्या पातळीचे असले, तरी लहान स्थानकांवर पायऱ्यांनी चढावे लागते.

शिकागोतील सामायिक रुळांवर एक विशेष नियम आहे. मेट्राच्या प्रवाशांसाठी स्पर्धा होऊ नये, म्हणून इंडियानाकडे जाणाऱ्या गाड्या तेथील थांब्यांवर केवळ प्रवासी घेतात आणि शिकागोकडे येणाऱ्या गाड्या केवळ प्रवासी उतरवतात. त्या भागातील स्थानिक प्रवासासाठी मेट्राची गाडीच वापरावी लागते.

वेळापत्रक संपूर्ण मार्गासाठी मध्य प्रमाणवेळेनुसार असते. साउथ बेंड शहर पूर्व प्रमाणवेळेत, म्हणजे एक तास पुढे, असल्यामुळे तेथील प्रवाशांना घड्याळातील एक तास वजा करून गाडीची वेळ पाहावी लागते.

अपघात

१९ जून १९०९ रोजी पोर्टरजवळ दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊन १२ जण मृत्युमुखी पडले. १८ जानेवारी १९९३ रोजी गॅरी येथे दोन गाड्या एकमेकींना घासून सात प्रवासी ठार झाले. हा अपघात एका अरुंद पुलाशी झाला. तेथे दोन मार्गांचे रूळ एकमेकांत गुंफलेले असल्याने एका वेळी एकच गाडी जाऊ शकत असे. १८ जून १९९८ रोजी पोर्टेज येथील रेल्वे फाटकात पोलादाची गुंडाळी वाहणाऱ्या ट्रकला धडक बसली. गुंडाळी पहिल्या डब्यात घुसून तिघांचा मृत्यू झाला.

सरोवरकिनाऱ्याशी संबंध

कारखान्यांना कोळसा पुरवणाऱ्या याच मार्गाने शिकागोतील सामान्य नागरिकांना सरोवराकाठच्या टेकड्यांपर्यंत पोहोचवले. येथील वनस्पतींच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञ व विद्यार्थीही येत. विसाव्या शतकात पोलाद उद्योगाचा विस्तार आणि टेकड्यांचे संरक्षण यांवरून दीर्घ संघर्ष झाला. १९६६ मध्ये या पट्ट्याला राष्ट्रीय सरोवरकिनारा म्हणून संरक्षण मिळाले आणि २०१९ मध्ये त्याचे इंडियाना ड्यून्स राष्ट्रीय उद्यान झाले. डून पार्क, बेव्हर्ली शोअर्स आदी स्थानकांवर उतरून या परिसरात जाता येते.

विस्तार

हॅमंडहून दक्षिणेकडे मन्स्टर व डायरच्या सीमेपर्यंत सुमारे १३ किमी लांबीचा ‘वेस्ट लेक कॉरिडॉर’ हा फाटा बांधण्याचे काम २०२०च्या दशकात हाती घेण्यात आले. मुख्य मार्ग सरोवराच्या काठाने जात असल्याने लेक काउंटीचा दक्षिणेकडील, झपाट्याने वाढलेला भाग रेल्वेपासून दूर राहिला होता. तेथील रहिवाशांना शिकागोपर्यंत रेल्वेने ये-जा करता यावी, हा या फाट्याचा उद्देश आहे.