जामीन आणि फिर्याद

फारसीवाटे मराठीत आलेल्या शब्दांची गोष्ट वर्गात निघाली, की दोन शब्द मी हटकून सांगतो. जामीन म्हणजे मुळात पैसा नव्हे. दुसऱ्याची हमी घेणारा माणूस. आणि फिर्याद म्हणजे मदतीसाठी फोडलेला टाहो. कोर्टाची पायरी चढताना हे दोन्ही अर्थ कुठे सांडले, कोण जाणे!

मध्य प्रदेशातील एका गवंड्याला जामिनावर सोडण्याचा हुकूम खुद्द सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. खाली मॅजिस्ट्रेटसाहेबांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून तोही नापसंत! अखेर १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडावयास लावले. पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची हकीकत उघडकीस आली. शिक्षा झाली असती तरी इतके दिवस भोगावी लागली नसती, असेही काही त्यांत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेत पहिल्याच गुन्ह्यातील कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळानंतर सोडण्याची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे अर्थात वगळून.

हे ऐकले, की मार खाल्लेल्या घरातून प्रश्न येतोच, "आणि आमचे काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. पण जामिनाची रक्कम फुगवून त्या घराचे रक्षण होत नाही. गबर गुंड ती सकाळी भरतो आणि संध्याकाळी त्याच गल्लीच्या तोंडाशी पान चघळत उभा राहतो. फिर्यादी बाईला ते कळते शेजारणीकडून! हा माणूस साक्षीदारांना धमकावील काय, हे कोर्टाने पाहावयाचे. आणि ते तिच्याइतके कोण सांगू शकेल? जामिनाच्या सुनावणीतही पीडिताचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये बजावले, तेव्हा कुठे त्या टाह्याला जागा मिळाली.

उपचारांचा खर्च आणि बुडालेला रोजगार हा भाग निराळाच. बलात्कार व ॲसिडहल्ल्यातील पीडितांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून 'मनोधैर्य' योजना आहे. इतर पीडितांच्या भरपाईची सोयही २००९ च्या अखेरीपासून कायद्यात आहे, आणि आरोपी सापडला नाही तरीही अर्ज करता येतो. हे सुशिक्षित घरांतूनही ठाऊक नसते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा. त्याची कचेरी बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. पाटी मात्र शोधावी लागते.