पदराखालची टोपी

म्हसवडची घोंगडी टोचते, हे ती अंगावर घेतलेल्याला सांगावं लागत नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ, त्यात ती विणणारी सनगर मंडळी ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. थंडी-पावसाला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण साधारण 30 मायक्रॉनहून जाड तंतू कातडीला टोचतो आणि ही लोकर त्याहून जाडच असते. त्यामुळे संपादकांनी सातारा-सांगलीच्या भागातून केमोच्या टोपीवर लिहायला सांगितलं, तेव्हा मी मेंढरांकडे न वळता सुताकडे वळले.

केमोथेरपीची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. केसाच्या मुळातल्या पेशीही तशाच, म्हणून त्याही सापडतात. सगळ्याच औषधांनी केस जात नाहीत. पण डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल यांसारख्या औषधांनी पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत ते गळू लागतात. टाळू हुळहुळी होते, उशीवर डोकं टेकवलं तरी दुखतं. उपचार संपल्यावर बहुतेकांचे केस काही महिन्यांत परत येतात. टोपी हवी ती या मधल्या काळात.

उपचार आता जवळ आले आहेत. मिरजेत सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय आहे, कराडला कृष्णा रुग्णालय. तरी अनेकजण आजही महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला, 1941 साली सुरू झालेल्या टाटा रुग्णालयात जातात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून केमोचा खर्च निघतो. ही योजना ज्यांच्या नावाची, त्या फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने विधवांच्या केशवपनाविरुद्ध आवाज उठवला आणि 1890 मध्ये त्याच समाजातल्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी हे काम करायचं नाकारलं. ती प्रथा गेली, तरी बाईच्या केस नसलेल्या डोक्याकडे बघणारी नजर अजून पुरती बदललेली नाही. म्हणूनच आजारी बाई आधी पदर ओढून घेते.

आणि पदर टिकत नाही. तो अंबाड्यावर अडकून बसायचा. अंबाडाच नसला की गुळगुळीत डोक्यावरून नायलॉनची साडी घसरतच राहते. माझ्या मते इथल्या टोपीचं खरं काम हेच आहे: पदराखाली बसेल इतकी पातळ आणि पदर धरून ठेवेल इतकी खरखरीत, तीही फक्त बाहेरून. थंड देशांतल्या जाड, गोंडेवाल्या टोप्यांचे नमुने इथे उपयोगाचे नाहीत.

विणकाम येणाऱ्या वाचकांसाठी थोडं तपशिलात सांगते. मोठ्या बाईच्या डोक्याचा घेर साधारण 54-56 सेंटिमीटर असतो. टोपी त्याहून थोडी कमी, पन्नासच्या आसपास ठेवावी, म्हणजे ती ताणून बसते. मध्यम जाडीच्या सुती दोऱ्याला दहा सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसत असतील, तर 112 टाके घालायचे. कडेला एक सुलट, एक उलट, आणि मग सरळ वर. खरी कसोटी माथ्याला. टाक्यांचे आठ भाग करायचे, एक ओळ सोडून एक ओळ प्रत्येक भागात दोन टाके एकत्र विणायचे. शेवटी आठ टाके उरतात. त्यांतून दोरा ओवून ओढला की टोपी मिटते, आणि नेमकी तिथेच गाठ बसते. ती गाठ टाळूच्या मधोमध रुतते. म्हणून गाठ मारायचीच नाही. दोरा बाहेरच्या बाजूने टाक्यांत लांबवर फिरवून जिरवायचा. आपल्याकडे घरोघरी दोन सरळ सुया असतात, त्यांच्यावर विणलं की मागे शिवण येते. ती सपाट, बाहेर राहील अशी घालावी. सुलट टाक्यांची मऊ बाजू डोक्याला लागू द्यावी, उलट टाक्यांचे उंचवटे पदराला.

अडचणी बऱ्याच आहेत आणि त्या मला काळजीत टाकतात. सुताला लोकरीसारखी लवचीकता नाही. धुतल्यावर टोपी सैल पडते, म्हणून घट्ट विणावी लागते आणि हात दुखतात. ॲक्रिलिक स्वस्त, दुकानात सहज मिळणारं, पण एप्रिलमध्ये जत-आटपाडीच्या उन्हात त्यात डोकं घामेजतं. केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, जंतुसंसर्गाचा धोका असतो, म्हणून टोपी रोज धुता यायला हवी. म्हणजे एका माणसाला किमान दोन टोप्या.

शिवाय माणूस हवा. मुंबईत साईशा इंडियाच्या स्वयंसेविका स्तन काढलेल्या स्त्रियांसाठी सुती दोऱ्याचे कृत्रिम स्तन विणून मोफत देतात. ते काम टिकलं, कारण विणणारी आणि गरजू बाई यांच्यामध्ये संस्था उभी आहे. टोपीलाही तसा दुवा लागेल.

तुमच्या हाती सुया असतील, तर आधी जवळच्या केमो विभागातल्या सिस्टरांना विचारा: बायका किती, पुरुष किती, मुलं आहेत का? मग सुती दोऱ्याच्या दोन टोप्या विणा, धुवा, उन्हात वाळवा आणि स्वच्छ पिशवीत घालून नेऊन द्या.