‘अंडे अडणे’ : एक क्रियापद आणि पाळीव बदकाचे एक दुखणे

१. शब्द आणि वस्तू

शब्दाचा अर्थ निश्चित करावयाचा तर त्या शब्दाने दर्शविलेल्या वस्तूचे ज्ञान आवश्यक असते, हे तत्त्व भाषाभ्यासात नवे नाही. ‘शब्द आणि वस्तू’ अशाच अर्थाचे नाव धारण करणारे जर्मन नियतकालिक १९०९ साली निघाले व शेती, घरबांधणी, पशुपालन अशा व्यवसायांतील शब्द त्या त्या वस्तूंसह अभ्यासण्याची पद्धती त्यातून दृढ झाली. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने ‘अडणे’ या क्रियापदाच्या एका विशिष्ट प्रयोगाचा विचार केला आहे. मात्र हा प्रश्न कोशातील नोंदीपुरता मर्यादित नाही. अंडे न घालू शकणाऱ्या बदकाची शुश्रूषा कशी होते, हे त्याच्या दुखण्याला दिलेल्या नावावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. आणि कधी कधी त्या मुक्या जिवाचे प्राणही त्यावरच अवलंबून असतात.

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा हा धानाचा व तलावांचा प्रदेश आहे. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तरी माजी मालगुजारी तलाव व गावोगावच्या बोड्या ही या भूभागाची ओळख कायम आहे. बदकास मानवणारा असा हा परिसर. तथापि पश्चिम बंगाल, आसाम किंवा केरळ येथल्याप्रमाणे बदकपालन हा येथील मोठा व्यवसाय नव्हे. अंगणात कोंबड्यांच्या सोबतीने दोन-चार बदके हौसेने पाळावीत, एवढेच त्याचे स्वरूप. साहजिकच बदकाविषयीची बोलण्याची भाषाही उसनवारीची आहे. ‘बदक’ हा शब्दच फारसी ‘बतक’शी नाते सांगतो. अंड्यावर न आलेल्या कोंबडीला ‘तलंग’ व उबवणीस बसू पाहणारीला ‘खुडूक’ म्हणतात. बदकाच्या या अवस्थांसाठी प्रमाण मराठीत स्वतंत्र शब्द रूढ नाहीत. दुखण्याचा शब्द तर गोठ्यातून आलेला आहे.

२. कर्त्यातील भेद

गाय वीत असता वासरू बाहेर येईना, म्हणजे ‘गाय अडली’ असे म्हणतात. स्त्रीविषयीही ‘बाळंतीण अडली’ असाच प्रयोग आहे. झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येत असल्याने तेथे ‘अडने’ असा उच्चार होतो. या प्रयोगांत क्रियापदाचा कर्ता माता आहे. पक्ष्याच्या बाबतीत मात्र ‘अंडे अडले’ असे म्हटले जाते. येथे कर्ता अंडे झाले. हा भेद वरवर क्षुल्लक वाटतो, परंतु त्यामुळे पाहणाऱ्याचे लक्ष पक्ष्याच्या देहावरून अंड्याकडे वळते. पाणी अडले म्हणजे अडथळा काढावा, दार अडले म्हणजे जोराने ढकलावे, त्याचप्रमाणे अंडे अडले म्हणजे दाबून वा ओढून काढावे, अशी समजूत सहज होते. वस्तुस्थिती बहुधा याच्या उलट असते.

३. देहातील घटना

पक्ष्यांत सामान्यतः डाव्या बाजूचाच अंडाशय व अंडवाहिनी पूर्ण वाढलेली असते. अंडाशयातून सुटलेला बलक अंडवाहिनीत येतो, त्याभोवती पांढरे व पातळ पापुद्रे तयार होतात आणि शेवटी कवच चढते. हा प्रवास सुमारे एक दिवसाचा असून त्यातील जवळजवळ २० तास कवचासाठीच लागतात. कवचाचा सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. पुढे अंडवाहिनीचे स्नायू आकुंचन पावून अंडे बाहेर लोटतात. आणि स्नायूंच्या आकुंचनासही कॅल्शियमच लागते. म्हणजे अंडे घडविणारे द्रव्य व अंडे ढकलणारे बळ ही दोन्ही एकाच साठ्यावर अवलंबून आहेत. साठा आटला की कवच मऊ होते आणि त्याच वेळी स्नायूही दुबळे पडतात. अंड्याचा अतिरिक्त आकार, पहिलटकरणीचे कोवळे वय, लठ्ठपणा, थंडी व अंडवाहिनीचा दाह हीदेखील कारणे संभवतात. परंतु पुष्कळ वेळा अंड्यास वाट नसते असे नाही; त्यास लोटणारे बळ नसते.

धानाच्या प्रदेशात या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. धान, कनकी व कोंडा यांत कॅल्शियम अत्यल्प असते. उलट अंड्यावरच्या बदकाच्या खाद्यात ते सुमारे ३ टक्के असावे लागते. बोडीत किंवा बांधीत मोकळे फिरणारे बदक गोगलगायी व शिंपले खाऊन ही उणीव स्वतःच भरून काढते. तेच बदक लाडाने अंगणात कोंडून भातावर पोसले की ते पोटभर खाऊनही उपाशी राहते. खाकी कॅम्पबेलसारख्या जातीचे बदक वर्षाला ३०० च्या जवळपास अंडी घालू शकते. त्याचा साठा त्याच वेगाने खर्च होतो. पावसाळ्यात बुरसटलेला कोंडा तर कटाक्षाने टाळावा. बुरशीच्या विषाने १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी मोठ्या संख्येने दगावले, त्यांत बदकांची पिलेही होती. बदकाचे यकृत या विषास फार लवकर बळी पडते.

४. लक्षणे व त्यांतील विवेक

बदके बहुधा पहाटे अथवा सकाळी अंडी घालतात. ती वेळ टळूनही बदक वारंवार कळा देत असेल, शेपटी खालीवर हलवीत असेल, पाय फाकून ताठ उभे राहत किंवा अंग चोरून बसत असेल, दाणा व पाणी दोन्ही टाकीत असेल, तर अंडे अडल्याचा संशय घ्यावा. क्वचित लंगडणे हेच पहिले लक्षण असते. ओटीपोटातील अंड्याचा दाब मज्जातंतूंवर पडल्याने तसे घडते.

तथापि अंडे न घालणारे प्रत्येक बदक ‘अडलेले’ नसते. पिसे झडण्याच्या काळात, खुडूक असताना किंवा दिवस लहान झाल्यावर अंडी थांबणे स्वाभाविक होय. पोट अनेक दिवस हळूहळू फुगत गेले असेल, तर बलक उदरपोकळीत सांडून दाह झालेला असू शकतो. मल, मूत्र व अंडे यांचे जे एकच द्वार, म्हणजे अवस्कर, त्यातून लाल मांसल भाग बाहेर आला असेल, तर ते अंग बाहेर पडणे होय. तो भाग स्वच्छ व ओला ठेवून बदकास तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. एकाच वेळी अनेक पक्षी आजारी पडले किंवा मेले, तर साथीचा संशय घेऊन पशुसंवर्धन खात्यास कळविणे आवश्यक आहे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे पक्ष्यांना झालेला बर्ड फ्ल्यूचा उपद्रव या संदर्भात स्मरणात ठेवण्याजोगा आहे.

५. शुश्रूषा

प्रथमोपचार साधे आहेत. बदकास उबदार, शांत व अंधुक जागी ठेवावे. मात्र त्याचा सोबती नजरेआड करू नये, कारण एकटे पडलेले बदक घाबरून अन्न सोडते. घमेल्यात पोटापर्यंत येईल एवढे कोमट पाणी घेऊन त्यात त्यास २० ते ३० मिनिटे बसू द्यावे व नंतर कोरडे करावे. पिण्याचे पाणी समोर असावे. खात असल्यास शिंपल्यांचा अथवा धुऊन वाळविलेल्या अंड्याच्या टरफलांचा चुरा द्यावा. पोट दाबणे व अंडे ओढणे सर्वथा वर्ज्य मानावे. अंडे आत फुटल्यास त्याच्या कडांनी अंडवाहिनी फाटते व प्राणघातक दाह होतो.

दोन-तीन तासांत आराम न पडल्यास अथवा बदक मलूल झाल्यास पशुवैद्य गाठावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापासून १९५८ साली स्थापन झालेल्या नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयापर्यंत ही सोय उपलब्ध आहे. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० किलोमीटर असल्याने निर्णय लवकर घेणे हिताचे. तेथे कॅल्शियमचे इंजेक्शन, क्ष-किरण तपासणी व प्रसंगी शस्त्रक्रिया करता येते. मऊ कवचाचे अंडे क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसेलच असे नाही. म्हणून पाळणाऱ्याने दिलेली माहिती मोलाची ठरते. औषध चालू असताना त्या बदकाची अंडी किती दिवस खाऊ नयेत, हेही विचारून घ्यावे.

६. उपसंहार

‘अंडे अडले’ एवढेच सांगणाऱ्याने निदान आधीच ठरविलेले असते. ‘बदक कालपासून कळा देते, शेवटचे अंडे परवा घातले व ते मऊ होते, खाद्य केवळ कनकीचे आहे’ असे सांगणाऱ्याने वस्तुस्थिती पुढे ठेवलेली असते. रूढ शब्द टाकून द्यावा असा याचा अर्थ नाही. गोठ्यातील प्रयोगाप्रमाणे येथेही कर्ता बदलून ‘बदक अडले’ असे म्हटले तरी पुरे. मग लक्ष अंड्यावरून त्या देहाकडे, त्याच्या खाद्याकडे व त्याच्या बळाकडे जाते, आणि हात पोट दाबण्याऐवजी कोमट पाण्याकडे वळतो.