घरी घडवलेली मोटार धावते, मग तिचे पासिंग का होत नाही?

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. डिसेंबर २०२१ मध्ये हे गाव एका छोट्या चारचाकीमुळे देशभर चर्चेत आले. लोखंडकाम करणारे दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर, जुन्या गाड्यांचे सुटे भाग जमवून, सुमारे ६० हजार रुपयांत जीपसारखी गाडी घडवली होती. दुचाकीप्रमाणे किक मारून ती सुरू होत असे. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी चित्रफीत पाहून त्यांचे कौतुक केले. मात्र ही गाडी नियमांत बसत नसल्याने प्रशासन ती आज ना उद्या थांबवेल, याकडेही त्यांनी लक्ष वेधले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली आणि त्यांची निर्मिती महिंद्रा समूहाकडे गेली.

धावणारी गाडी थांबवावी का लागते, हा प्रश्न त्यानंतरही अनेकांच्या मनात राहिला.

हौशी मोटारबांधणीची परंपरा जुनी आहे. फोर्ड कंपनीने १९३२ मध्ये सर्वसामान्यांना परवडणारी, व्ही-८ इंजिनाची मोटार बाजारात आणली. कॅलिफोर्नियातील तरुण अशा जुन्या रोडस्टर, म्हणजे उघड्या दोन आसनी मोटारी, विकत घेत. मडगार्डसारखे भाग काढून ते वजन घटवीत, इंजिनाची ताकद वाढवीत आणि कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर वेग अजमावीत. याच गाड्या पुढे ‘हॉट रॉड’ म्हणून ओळखल्या गेल्या. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने ही हौस सार्वजनिक रस्त्यांवरून सुरक्षित धावपट्ट्यांवर नेण्याचा प्रयत्न केला.

इंजिन सुरू झाले की गाडी तयार झाली, असा समज असतो. प्रत्यक्षात खरे काम तेथून सुरू होते. पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण आणि ठिणगी पडण्याची वेळ जुळली नाही, तर इंजिन तापते किंवा ताकद गमावते. वेग दुप्पट झाला, की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते. त्यामुळे मूळ गाडीसाठी बनवलेले ब्रेक वाढवलेल्या वेगाला अपुरे पडू शकतात. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते. त्यासाठी डिफरन्शियल नसेल, तर टायर घासतात आणि वळण जड होते. वेल्डिंगचा सांधा वरून भक्कम दिसला, तरी खड्ड्यांच्या सततच्या धक्क्यांनी त्यात सूक्ष्म तडा वाढत जाऊ शकतो. अशा उणिवा अंगणातील फेरीत क्वचितच उघड होतात.

त्यासाठीच चाचण्यांची अट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ३९नुसार नोंदणीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६नुसार नव्या वाहनाचा नमुना पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. जुन्या गाडीत बदल करण्यासही मर्यादा आहेत. नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल कलम ५२नुसार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. बेकायदा बदलांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

अडचण अशी, की ही व्यवस्था हजारो गाड्या बनवणारी कंपनी डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. मोटारींना आता धडक चाचणीही द्यावी लागते. कंपनी त्यासाठी एक गाडी चेचू शकते. आयुष्यात एकच गाडी घडवणाऱ्या कारागिराला ते कसे परवडणार? ब्रिटनमध्ये अशा एकेकट्या वाहनांचे ब्रेक, स्टिअरिंग, दिवे आणि धूर तपासून त्यांना स्वतंत्र मान्यता देणारी योजना आहे.

भारतात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र एक वाट खुली झाली आहे. २००७ पासून होणाऱ्या ‘बाजा एसएईइंडिया’ स्पर्धेत विद्यार्थी स्वतः एक आसनी गाडी घडवतात. तांत्रिक तपासणी आणि ब्रेकची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच ती बंदिस्त मार्गावर उतरते. महाविद्यालयाबाहेरच्या कारागिरासाठी अशी सोय सहज उपलब्ध नाही.

नियम सैल करणे हा यावरचा उपाय नाही, कारण रस्त्यावर पादचारी आणि इतर वाहनचालकही असतात. पण गॅरेजमध्ये घडलेली गाडी तपासून तिच्यातील उणिवा दाखवणारी परवडणारी यंत्रणा उभी राहिली, तर देवराष्ट्रेसारख्या गावातील कौशल्याला कौतुकाच्या पुढची दिशा मिळू शकेल.