सडपातळ सायकलस्वारांनी चाके कशी निवडावीत?

सायकल चालवणे हा हृदय, फुप्फुसे आणि मांड्यांच्या स्नायूंसाठी उत्तम व्यायाम आहे. सिंदी (रेल्वे) आणि आसपासच्या गावांतील काही तरुण-तरुणी आता वाकड्या हँडलची, अरुंद टायरची रोड सायकल पहाटे चालवताना मला दिसतात. त्यांच्यापैकी एकाने विचारले, "माझे वजन 48 किलो आहे. तासाभरात तळहातांना मुंग्या येतात, पाठ दुखते. हलकी, महाग चाके घेतली तर त्रास कमी होईल का?"

माझे उत्तर असे, की आधी हवा आणि टायर बघा, चाकांचे नंतर.

रस्त्याचे धक्के चाकातून हँडलकडे आणि तिथून तळहाताकडे येतात. करंगळी व अनामिकेकडे जाणारी नस तळहाताच्या कडेने जाते. तिच्यावर सतत दाब पडला की बोटे बधिर होतात. हे धक्के शोषून घेण्याचे काम टायरमधील हवा करते. जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी 1887 साली बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तिचाकी सायकलीला हवेचे टायर बसवले, ते धक्के कमी व्हावेत म्हणूनच.

आपली चूक अशी, की पंपावर 'टाइट' हवा भरून घेतो. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरलीच पाहिजे असे नाही. 70-80 किलोच्या माणसाला चालणारी हवा 48 किलोच्या माणसाला दगडासारखी लागते. शिवाय टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारते आणि ब्रेकच्या वेळी पकड कमी पडते. 28 मिलिमीटर रुंदीच्या ट्यूबवाल्या टायरमध्ये एवढ्या वजनाला पुढे 55 ते 60 आणि मागे 60 ते 65 पौंड हवेपासून सुरुवात करावी. टायरवर किमान आकडा असल्यास त्याखाली जाऊ नये, नाहीतर खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होते. मापक असलेला पंप घरी ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आता चाके. महाग जोडी साध्या जोडीपेक्षा अर्धा किलो हलकी असेल. एक लिटर पाण्याचे वजनच एक किलो भरते! स्वार आणि सायकल मिळून साठ किलो धरले, तर हा फरक एक टक्क्याहूनही कमी पडतो. सपाट रस्त्यावर तो जाणवणारही नाही. उंच रिमची चाके तर हलक्या माणसाने टाळावीतच. आडवा वारा किंवा शेजारून गेलेला ट्रक अशा चाकाला ढकलतो, आणि स्वार हलका असल्याने सायकल सावरणे अवघड जाते.

कमी पैशांत घ्यायचेच तर हे पाहावे:

1. रिम ॲल्युमिनियमची, दुहेरी भिंतीची असावी. रिमला घासणारे ब्रेक असतील तर पावसात ती स्टीलच्या रिमपेक्षा चांगली थांबते.

2. आरे 28 ते 32 असावेत. एखादा तुटला तरी सावकाश घरी पोचता येते, आणि साधे गोल आरे सहज मिळतात.

3. मागच्या हबची रुंदी तुमच्या सायकलीला जुळते का ते मोजून घ्यावे. रोड सायकलींत 130 व 135 मिलिमीटर ही दोन्ही मापे आढळतात. गियरचे चक्रही त्या हबवर बसले पाहिजे.

4. चाक फिरवून पाहावे. डावीउजवीकडे डुलत असेल तर कारागिराकडून आऊट काढून घ्यावी. रिम धरून हलवल्यास हबमध्ये खडखड नसावी.

5. फ्रेममध्ये जागा असेल तर 28 किंवा 32 मिलिमीटरचे टायर घ्यावे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल अडकतो, म्हणून बाजूला थोडी मोकळी जागा राहू द्यावी.

हवा योग्य केल्यावरही मुंग्या येत असतील तर सीट व हँडलची उंची तपासावी, हातांची जागा अधूनमधून बदलावी. सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा टिकत असेल, किंवा बोटांची पकड कमी झाली असेल, तर दुखणे अंगावर काढू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे.

नव्या चाकांचे पैसे वाचलेच, तर त्यातून आधी चांगले हेल्मेट घ्यावे.