कोणती बकरी विकायची, हे वहीला विचारा

या आठवड्याच्या व्हिडिओत फळ्यावर एक तक्ता काढून दाखवला होता, पण वीस मिनिटांत सगळं बसत नाही. राहिलेलं इथे लिहितोय. वही आणि पेन घेऊन बसलात तर उत्तम.

सेवाग्रामच्या बाजूला शेळीपालन करणाऱ्या तरुण मुलामुलींचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, त्यातून हा विषय निघाला. (सरकारी कागदावर शेळी, वर्ध्याकडे बकरी. मी इथे बकरीच म्हणणार.) पहिल्याच तासाला मी विचारलं, नोंदी कोण ठेवतं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मागून एक जण म्हणाला, "सर, बकऱ्या माह्या डोक्यातच आहेत. वही काहून पाहिजे?"

मी म्हटलं, ठीक आहे. मागच्या वर्षी कमावलं किती? तो लगेच म्हणाला, "एकोणचाळीस हजार." सहा बोकड विकले, सरासरी साडेसहा हजार मिळाले, झाले 39,000. बरोबर आहे. पण ही विक्री झाली, कमाई अजून कुठे निघाली?

मग आम्ही दोघं बसलो आणि आठवून आठवून खर्च काढला. सरकी ढेप आणि भरडा 9,600. तुरीचं आणि हरभऱ्याचं विकत घेतलेलं कुटार 4,000. जंतनाशक आणि औषधं 1,850. खनिज मिश्रण 1,150. बाजारात न्यायचं गाडीभाडं 1,500. दोऱ्या, बादल्या, किरकोळ 900. बेरीज 19,000. म्हणजे हातात राहिले 20,000. पोरगा गप्प झाला. मग विचारलं, दिवसाचे किती तास देतोस? म्हणाला, चारणं, पाणी, झाडलोट धरून तीन तास. वर्षाचे झाले 1,095 तास. भागाकार केला तर तासाला साधारण 18 रुपये.

आता इथे बरेच प्रशिक्षक थांबतात आणि पोरांना घाबरवतात. मला ते पटत नाही, कारण हा हिशेबसुद्धा अर्धाच आहे. त्याच्याकडे वर्षाच्या सुरुवातीला 11 जनावरं होती आणि शेवटी 17. वाढलेली सहा करडं प्रत्येकी 3,500 धरली तरी 21,000 चा माल गोठ्यात उभा आहे. तो धरला तर 41,000 होतात, म्हणजे तासाला सुमारे 37 रुपये. हा पैसा खिशात नाही, उद्या रोग आला तर जाऊही शकतो, पण तो आहे. या मुलाच्या घरी चर्चा चालली होती की बकऱ्या विकून टाकाव्या आणि त्यानं बुटीबोरीला कंपनीत लागावं. जावं की राहावं, हे मी सांगणार नाही. पण एवढा मोठा निर्णय 39,000 या आकड्यावर घेणंही चूक आणि 18 रुपयांवर घेणंही चूक.

आता ते 17 कुठून आले, तेही बघा. हा कळपाचा ताळा, आणि महिन्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. आधीची जनावरं, अधिक जन्मलेली, अधिक विकत घेतलेली, वजा विकलेली, वजा मेलेली, वजा घरी कापलेली, वजा कोणाला दिलेली. उरेल ती संख्या गोठ्यात मोजून जुळली पाहिजे. त्याचं असं होतं: 11 होती, 17 जन्मली, झाली 28. सहा विकली, चार मेली, एक पाहुणे आले तेव्हा कापला. उरली 17. आम्ही गोठ्यात जाऊन मोजली तर 16. परत मोजली, तरी 16. शेवटी त्याची आई आतून म्हणाली, एक पाट आत्याकडे बटईने दिली आहे ना! म्हणजे बकरी त्याचीच, सांभाळ आत्याचा, होणारी पिल्लं निम्मी निम्मी. व्यवहार चांगला आहे, पण लिहिलेला कुठेच नाही. चार वर्षांनी त्या बकरीच्या नातीवरून दोन घरांत बोलणं बंद होऊ शकतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं आपण म्हणतो. इथे कुत्रंही नसतं, आपलेच लोक असतात.

सेवाग्रामला हे शिकवताना मला थोडं अवघडल्यासारखं झालं, खरं सांगतो. गांधीजी 1936 साली या गावात राहायला आले तेव्हा याचं नाव शेगाव होतं, 1940 मध्ये ते सेवाग्राम झालं. 1918-19 च्या मोठ्या आजारानंतर ते बकरीचं दूध घेत होते हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांची हिशेबाची सवय फार कमी लोक सांगतात. लंडनमध्ये विद्यार्थी असताना बसभाडं, टपालखर्च, वर्तमानपत्राचे सुटे पैसे, सगळं ते लिहून ठेवायचे आणि रात्री झोपण्याआधी शिल्लक जुळवायचे. पुढे आफ्रिकेत 1894 साली नाताळ इंडियन काँग्रेस उभी केली, तिथेही पावतीशिवाय पैसा नाही. वर्ध्यात ग्रामोद्योगाचं काम उभं करणारे जे. सी. कुमारप्पा तर शिक्षणानं हिशेबनीसच होते. आणि 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेतून जी नई तालीम निघाली, तिची मांडणीच अशी होती की मुलानं हातानं काम करावं आणि त्या कामाचा हिशेब हेच त्याचं गणित व्हावं. कापूस किती घेतला, सूत किती निघालं, वाया किती गेलं. अमेरिकेत फोर-एच नावाची ग्रामीण मुलांची मोठी चळवळ आहे, तिथे बकरी पाळणाऱ्या मुलांकडून प्रकल्पाची नोंदवही लिहून घेतात. आपल्याकडे ही गोष्ट याच मातीत सुरू झाली होती, आणि आज त्याच गावाच्या शेजारी पोरगं म्हणतं, बकऱ्या डोक्यात आहेत.

असो. वहीकडे येऊ.

पैशाची वही आणि बकरीची वही वेगळी ठेवा. पैशाच्या वहीला फार अक्कल लागत नाही: तारीख, कशाचे, आले, गेले, शिल्लक. फक्त घरखर्चाचे पैसे त्यात मिसळू नका, आणि घरचं कुटार, घरी कापलेला बोकड, घरी लागलेलं दूध याचीही अंदाजे किंमत लिहा. खरी मजा बकरीच्या वहीत आहे. तिथे प्रत्येक बकरीला स्वतःचं एक पान. वर तिचा कानातला 12 अंकी टॅग नंबर, आई कोण, बाप कोण, जन्म कधी. खाली तिच्या आयुष्यातली प्रत्येक घटना, तारखेसह.

यातली सगळ्यात महागडी तारीख कोणती? भरवल्याची. बकरी साधारण 150 दिवसांत विते. भरवल्याची तारीख लिहिली असेल तर विण्याची तारीख आजच कळते, शेवटच्या महिन्यात खुराक वाढवता येतो, शेवटच्या आठवड्यात तिला लांब चरायला न नेता घरी ठेवता येतं. शिवाय 21 दिवसांनी लक्ष ठेवता येतं. परत माजावर आली तर गाभण राहिली नाही. हे पहिल्या 21 दिवसांत कळणं आणि पाच महिन्यांनी कळणं यात चार महिन्यांच्या चाऱ्याचा फरक आहे.

बापाचं नाव लिहा म्हटल्यावर मुलं हसतात. हसू नका. कळपातला बोकड तोच राहिला आणि त्याच्याच पाटी वयात आल्या, तर नात्यात संकर होतो आणि पिल्लं लहान, अशक्त निघायला लागतात. वहीत बाप लिहिलेला असेल तर बोकड कधी बदलायचा ते आपोआप दिसतं.

बकरी ईदला बोकड चांगल्या भावानं जातो, पण वर्षाचा होऊन दोन दाती झालेला लागतो. वर्षाचा बोकड म्हणजे 12 महिने, त्याआधी पोटात पाच. एकूण 17 महिने आधी त्याची आई भरवलेली पाहिजे. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, तेही धरा. कॅलेंडर घेऊन मागे मोजत या. हे डोक्यात होत नाही हो, कोणाच्याच.

मेलेल्या करडांचीही नोंद ठेवा, मन घट्ट करून. त्या पोराची चार मेली होती. कशानं? "अशीच." मग तारखा आठवल्या तर चारपैकी तीन जुलै-ऑगस्टमध्ये, जन्मल्यापासून आठ दिवसांच्या आत. ओली जमीन, गार वारा, कोवळं पिल्लू. जुलै-ऑगस्टमध्ये विणारी बकरी फेब्रुवारी-मार्चमध्ये भरलेली असते. म्हणजे एक तर त्या दोन महिन्यांत बोकड वेगळा बांधायचा, नाही तर पावसाळ्याआधी करडांसाठी कोरडा, उंच कप्पा करायचा. तीन करडांच्या किमतीत लाकडी फळ्यांचा कप्पा सहज होतो.

लसीचं तसंच. पीपीआरची लस एकदा दिली की साधारण तीन वर्षं चालते, आंत्रविषाराची पावसाळ्याआधी दरवर्षी द्यावी लागते. तीन वर्षांपूर्वी कोणत्या बकरीला दिली आणि कोणती तेव्हा गाभण म्हणून सुटली, हे कोण लक्षात ठेवणार?

आता माझी स्वतःची चूक. काही वर्षांपूर्वी मीही पाच बकऱ्या पाळल्या होत्या, विमा काढून. एकीचा कानातला टॅग झुडपात अडकून पडला. डॉक्टरांनी नवा मारून दिला. मी ना वहीत लिहिलं, ना विमा कंपनीला कळवलं. दोन महिन्यांनी तीच बकरी मेली. शवविच्छेदन झालं, फोटो काढले, सगळं केलं. कागदावर एक नंबर, कानात दुसरा. दावा फेटाळला. भांडायला तोंडच नव्हतं.

तुमच्यातल्या अनेकांनी राज्याच्या 10 शेळ्या आणि 1 बोकड या योजनेत अर्ज केला असेल. तिथे उस्मानाबादी किंवा संगमनेरी गटाची किंमत 1,03,545 रुपये आणि स्थानिक जातीच्या गटाची 78,231 रुपये धरलेली, त्यात विम्याचा हप्ता आलाच. अनुदान सर्वसाधारण गटाला 50 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 75 टक्के. (अर्ज करताना चालू दर पंचायत समितीत विचारून घ्या.) म्हणजे विम्याचे पैसे तुम्ही भरलेलेच आहेत, ते टॅगच्या एका ओळीसाठी घालवू नका.

वजनकाटा घ्या. लटकवायचा साधा काटा आणि पोत्याची झोळी पुरते. व्यापारी पाठीवरून हात फिरवतो आणि म्हणतो, बावीस किलो. काट्यावर साडेपंचवीस भरलं आणि किलोला 350 चा भाव असला, तर एका बोकडामागे 1,225 रुपये तुम्ही हात फिरवण्याचे दिले. जन्माचं, तीन महिन्यांचं, सहा महिन्यांचं वजन लिहून ठेवलं की कोणत्या बकरीची पिल्लं झपाट्यानं वाढतात तेही दिसतं.

त्याच प्रशिक्षणात एक मुलगी होती, बारावी झालेली. तिनं शाळेच्या उरलेल्या वहीत दोन वर्षं बकरीनिहाय नोंद ठेवली होती. कोणी सांगितलं नव्हतं, आवड म्हणून. तिच्या घरी दोन बकऱ्यांवरून वाद चालला होता. चंद्री नावाची एक उंचीपुरी, चकचकीत, कपाळावर पांढरा ठिपका. दुसरी काळी, बुटकी, बरगड्या दिसणारी. पैशाची गरज होती, एक विकायची होती. बाबा म्हणत होते काळी विकू, पार वाळली आहे ती.

मी ती दोन पानं पाहिली. चंद्री दोन वर्षांत दोनदा व्याली, दोन्ही वेळा एकेक पिल्लू, त्यातलं एक मेलं. शिल्लक एक. काळी तीनदा व्याली, प्रत्येक वेळी जुळी, एक मेलं. शिल्लक पाच. चारा-पाणी दोघींचं सारखंच. काळी वाळली होती ती आजारानं नव्हे, दोन-दोन पिल्लांना पाजून. आणि चंद्री चकचकीत का? तिच्या अंगचं कोणाला द्यायचंच नव्हतं. बाजारात आपण नेमकं हेच उलटं करतो. दिसायला चांगली ती ठेवतो, कामाची विकतो, आणि तिच्या पाटीही तिच्यासोबत कळपातून जातात.

मुलीनं ती वही घरी बाबांपुढे ठेवली. मी तिथे नव्हतो. तिनंच नंतर फोनवर सांगितलं की बाबा बराच वेळ पानं उलटत राहिले आणि मग म्हणाले, "हे तू कवा लिवलं?" काळीला त्या दिवसापासून मूठभर जास्त भरडा सुरू झाला.

चंद्रीच्या पानाचा फोटो तिनं मला पाठवला. शेवटच्या ओळीत तारीख, वजन, "विकली, 9,500 रु." आणि शेरा या रकान्यात, शाई जरा गडद करून, "दिसाले लय भारी होती."