गोठत्या जमिनीतली क्लोव्हरची पेरणी

अमेरिकेत विस्कॉन्सिन, मिशिगनसारख्या थंड राज्यांत हरणं आणि रानटी टर्की यांच्या चाऱ्यासाठी राखलेल्या तुकड्यांत क्लोव्हर पेरतात, ते हिवाळा सरता सरता, फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेही नांगर न लावता, नुसतं फोकून. आपल्याकडच्या बरसीमचाच हा भाऊबंद.

त्या दिवसांत जमीन रात्री गोठते, दुपारी सैलावते. गोठताना मातीतलं पाणी फुगतं, माती वर उचलली जाते, तिला बारीक भेगा पडतात. ऊन लागलं की माती पुन्हा खाली बसते आणि वर पडलेलं बी त्या भेगांत ओढलं जातं. पांढऱ्या क्लोव्हरचं बी मोहरीहून बारीक; त्याला पाव इंचाहून खोल जायचंच नसतं. म्हणून त्याला ही रीत मानवते. मका असा पेरून चालत नाही.

एकरी साधारण दोन किलो बी पुरतं, पण ते उघड्या मातीला टेकलंच पाहिजे. माझ्या मते यशापयश इथेच ठरतं. दाट गवत आदल्या शरदातच कापून काढावं. चिकण, पोयट्याची जमीन चांगली उचलते, रेताड कमी. जाड बर्फावर मात्र बी टाकू नये. तो झपाट्याने वितळला तर उतारावरून सगळं वाहून जातं.